आवाज काढून दाखव

ताई, कूलरला लावायच्या गवताच्या ताट्या आल्या. तुम्ही नागपूरवाल्याला सांगून ठेवल्या होत्या, त्याच. टेम्पोवाल्यानं दुकानासमोर उतरवल्या आणि विचारलं, "मोठ्या बाई कुठी हायेत?" मी म्हटलं, "गेल्या." तो म्हणाला, "वापस कधी येतीन?" आता त्याला काय सांगायचं. मी म्हटलं, "तू ताट्या आत लाव." त्यानं लावल्या आणि गेला. मग मी चहा टाकला. चहा चांगला झाला होता. अलीकडे सगळंच बरं होतं माझ्या हातून, मीठसुद्धा चुकत नाही.

ताटी हा शब्द मात्र नकोसा झाला आहे. पण आपल्या धंद्यात त्याला दुसरा शब्द नाही. त्या सकाळी अंगणात माणसं जमली होती. मी स्वयंपाकघरात उभी होते, काय करत होते देव जाणे. बाहेरून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "ताटी झाली काय वो?" आणि मी आतूनच, रोजच्या दुकानातल्या आवाजात उत्तर दिलं, "नाई अजून. नागपूरहून येनार हाये, सोमवारी या."

मी दारात आले तेव्हा बांबू दिसले, सुतळी दिसली. माणसं ताटी बांधत बसली होती. तुमची. कूलरला लागते तीही ताटी आणि माणसाला न्यायला लागते तीही ताटीच. एवढी वर्षं आपण दोघी दर उन्हाळ्यात ताट्या विकत आलो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. "सोमवारी या म्हने! अवं शोभा, तवरी मी काय अशीच पडून राहू?" तुमचं हे वाक्य मला तिथंच, दारात उभ्या उभ्या ऐकू आलं. तरी हसू आलं नाही. रडूही नाही.

रडू आलं नाही ही मग आळीत बातमी झाली. बायका भेटायला यायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या, आणि मीच त्यांची पाठ थोपटत बसायचे. जाताना ओसरीवर त्यांची कुजबुज चालायची, तीही मला नीट ऐकू यायची. माझे कान शाबूत आहेत. "जावाजावाचं काय असते वो, वरवरचंच असते." बोलू दे. मला त्याचा रागसुद्धा आला नाही, आणि मला राग येत नाही म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे त्याच बायका उठताना विचारायच्या. डोळे पुसून झाले की एक पाय चपलेत घालून, "शोभा, आता आलीच हाये तं विचारते. माह्या कुकरची वाफ बाजूनं निघून राह्यली. काय करू?" माझ्या तोंडून सवयीनं निघायचं, "थांब, ताईले विचारते." मग ती बाई पुन्हा रडायला लागायची आणि मी पुन्हा तिची पाठ थोपटायची. कुकर तसाच राहायचा.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आता घरात हे, मी आणि पुण्याहून आलेला तुमचा पंकज. पोरगा फार समजूतदारपणे वागतो आहे, त्याचाच मला जास्त त्रास होतो. परवा जेवताना म्हणाला, "काकू, दुकानाचं काय करायचं? मोबाइलवाला भाड्यानं मागतोय. मी रविवारी निघणार, त्याच्या आत सांग." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजी वाढली. पंकज म्हणाला, "सामान तर कुणीही विकेल गं. पण आपल्या दुकानात लोक सामान घ्यायला कुठं येतात? प्रश्न घेऊन येतात. आईसारखी उत्तरं तुला देता येतील का?"

वाईट नाही बोलला. खरं तेच बोलला. देता येतील का, मलाच माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं की गिऱ्हाइकापुढं फेकाफेक करायची नाही, ही तुमचीच शिस्त.

ताई, तुम्हाला आपली पहिली भेट आठवते? मला सारखी तीच आठवते आहे. मी पुलगावची, लग्न होऊन समुद्रपुरात आले. बायकांनी कोंडाळं केलं, नाव घे म्हणाल्या, मी घेतलं. झालं म्हणून सुटकेचा श्वास टाकते तोच कोपऱ्यातून तुमचा आवाज, "नाव तं सगळ्याच घेतात. तुमच्या गावी मिल होती ना? तिचा भोंगा कसा वाजे, तो काढून दाखव." सासूबाई म्हणाल्या, "काय वो ही थट्टा." तुम्ही म्हणाल्या, "थट्टा नाई, मले ऐकाचा हाये." आता मोठी जाऊ मागते म्हटल्यावर करता काय. मी पदर तोंडाशी धरला आणि काढला भोंगा. सगळ्या फिदीफिदी हसल्या. तुम्ही नाही हसल्या. मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "सुरवात जमली. शेवट बरोबर नाई. भोंगा असा मधीच तुटत नाई, तो उतरत जाते."

तुम्ही पुलगावला एकदा कुणाच्या लग्नाला गेल्या होत्या, तेवढाच काय तो ऐकलेला. मी जन्मभर त्या भोंग्याखाली वाढलेली, आणि ही बाई मला माझ्या गावचा भोंगा शिकवते! मी मनात म्हटलं, ही आयुष्यभर डोकं खाणार. खाल्लंत की नाही?

दुकान तेव्हा थोरले सांभाळायचे, तुमचे मालक, माझे भासरे. ते गेले आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसल्या. मोटरचे, कूलरचे, पंख्यांचे, मिक्सरचे सुटे भाग. बाई कशी चालवणार म्हणून बाजारानं नाकं मुरडली होती. तुम्ही कुणाला काही सिद्धबिद्ध करून दाखवलं नाही. तुम्ही फक्त एक गोष्ट सुरू केली. कुणी येऊन सांगू लागला की मोटर बिघडली, कूलर बिघडला, तर तुम्ही हात वर करून त्याला थांबवायच्या. "ते राहू दे. आवाज काढून दाखव."

पहिल्यांदा माणसं लाजायची. मिशीवाले, पागोटेवाले, बँकेतले, मास्तर. इकडे तिकडे बघायचे आणि मग घसा साफ करून "खर्रर्र, टक, खर्रर्र, टक." तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या. "टक लवकर लवकर येते का थांबून थांबून?" "थांबून." "मंग पात्याले काहीतरी लागून राह्यलं. वायर लोंबत असन आतमंधी. घरी जा, पह्यले प्लग काढ, मंग हात घाल. आधी प्लग!" माणूस काहीही न घेता खुशीत घरी जायचा. मला बाजारात तोंड दाखवायची लाज वाटायची. भाजीवाली विचारायची, "काऊन वो, तुमच्या दुकानात आज कोनाची बकरी वरडून राह्यली होती?" बकरी नव्हती ती, ग्रामसेवक होते. त्यांचा टुल्लू पंप बिघडला होता.

तुमची उत्तरं तोंडपाठ म्हणावी तर तशीही नव्हती. माणूस बघून बदलायची. मिक्सर एकाएकी बंद पडला म्हणून रडवेली होऊन आलेल्या नव्या सुनेला, "काई नाई झालं, खाली पालथा करून पाह्य, लाल बटन असन, ते दाब. आन सासूले सांगू नको." कूलर थंड हवा देत नाही म्हणणाऱ्याला, "खिडकी उघडी ठेवतं का? नाई? मंग कोंडल्या घरात तो बिचारा काय करन, त्याले बी श्वास लागते." मोटर पाणी उचलत नाही म्हणणाऱ्याला, "फुटव्हॉल्व वर काढ, कचरा अटकला असन. मोटरले शिव्या कायले देतं?" एकदाच मी तुम्हाला खरोखर भडकलेलं पाहिलं. एक जण सहज म्हणाला की फवारणी पंपाचं नोझल तुंबलं की मी तोंडानं फुंकून साफ करतो. तुम्ही खुर्चीवरून उठल्या. "तोंडानं? औषधाचं नोझल? मरतं का बे?" भर बाजारात. तारेचा बारीक ब्रश त्याच्या खिशात कोंबला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा फुंकलं असं ऐकू आलं तं तुह्या बायकोले येऊन सांगीन." तो माणूस तुमच्या तेरवीला आला होता. जेवला नाही, नुसता हात जोडून गेला.

चुकायच्याही तुम्ही. मला कुणी तुम्हाला देव केलेलं आवडत नाही, म्हणून हे लिहून ठेवते. मास्तरीणबाई आल्या होत्या, मिक्सरमध्ये खडखड वाजतं म्हणून. आवाज छान काढला त्यांनी, शाळेत शिकवतात त्यामुळे. तुम्ही ठासून सांगितलं, कपलर गेला. कपलर बदलला. खडखड तशीच. चार दिवसांनी बाई आल्या आणि काउंटरवर एक चिंचोका ठेवला. भांड्याच्या बुडाशी अडकला होता. मला वाटलं आता तरी ही बाई नमतं घेईल. तुम्ही चिंचोका उचलून पाहिला, फिरवला आणि म्हणाल्या, "आवाज कपलरचाच होता. यानं खोटा आवाज काढला." मास्तरीणबाई हसून हसून खाली बसल्या. तो चिंचोका अजून गल्ल्यात आहे, ताई. काल सापडला. परत तिथंच ठेवला.

आता जे आपण दोघी कधी बोललो नाही ते बोलते.

एक माणूस नळाला वायसर मागायला आला होता. तुम्ही त्याला मापून वायर दिली. तो बिचारा भिडेखातर घेऊन गेला आणि संध्याकाळी वापस आला. "बाई, वायरनं नळ कसा बांधू?" दुकान हसलं. तुम्हीही हसल्या. पण मी आतून, पडद्याआडून तुमचं तोंड पाहिलं होतं.

त्यानंतर लवकरच तुम्ही मला पहिल्यांदा हाक मारली. "शोभा, बाहेर ये वं जराशी." माझे हात कणकेचे. एक तरुण माणूस उभा होता. तुम्ही म्हणाल्या, "हा त्या गोंडांच्या पाड्यावरचा हाये, याची बोली मले समजत नाई. काय म्हनते ते सांग." तो घरी गोंडी बोलत असेल, पण मराठी त्याची तुमच्या-माझ्याहून स्वच्छ होती. तो माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. मग मी म्हटलं, "दादा, आवाज काढून दाखवा." त्यानं काढला. मी वळले, तुमच्या खुर्चीजवळ तोंड नेलं आणि तोच आवाज मोठ्यानं काढला. तुम्ही मान तिरपी केलीत. "नाई. तू नाकातून काढून राह्यली. त्यानं घशातून काढला. पुन्हा काढ."

घशातून काढला हे तुम्ही त्याच्या गळ्याकडे बघून ओळखलं होतं. मला ते तेव्हाच कळलं.

तिथून रोजचंच झालं. भाकरी तव्यावर, आणि "शोभाऽऽ". मी फणकारत यायची, गिऱ्हाइकाचा आवाज ऐकायची, तुमच्या कानाशी तो काढायची. कधी मोटर, कधी कूलर, कधी शिलाई मशीन. लोकांना वाटायचं मोठ्या बाईनं लहान्या बाईला कामाला लावलं. मलाही आधी तसंच वाटायचं, धुसफूस करायची मी. तुम्हाला ऐकू येत नाही हे तुम्ही म्हणाल्या नाहीत, मीही म्हटलं नाही. यांनासुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही म्हणायच्या गिऱ्हाइकाची बोली समजत नाही, समुद्रपुरातल्याच माणसाची बोली, शेजारच्या वाण्याची बोली! आणि मी म्हणायची, "हो ना ताई, काय पुटपुटतात ही माणसं." दोघी पक्क्या खोटारड्या.

पण इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही मला "बरोबर" म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही, ताई! "जवळपास हाये." "चालते." "खर्रर्र जास्त झालं." "अवं ती मोटर हाये, बोका नाई." उत्तर मात्र त्याच आवाजावरून द्यायच्या आणि ते निघायचं बरोबर. मग माझा आवाज बरोबर नसून उत्तर कसं बरोबर यायचं? हा हिशेब मी तुम्हाला विचारणार होते. राहिला.

आणि पंखा. त्याचं भांडण तर मी अजून सोडलेलं नाही.

पंख्यांचे भाग विकणाऱ्या घरात मधल्या खोलीतला पंखा ढकलून चालावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बटन दाबलं की नुसता हूंऽऽ करायचा, फिरायचा नाही. तुम्ही खराट्याच्या दांड्यानं पात्याला टोला द्यायच्या, मग लागायचा फिरायला. गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगायच्या, "हुंकारते पन फिरत नाई ना? कंडेन्सर गेला. बदलून टाक." मी म्हणायची, "मग आपलाही बदला की ताई, खणात पडले आहेत." तुम्ही म्हणायच्या, "आपला चालते." "ढकलून चालणं म्हणजे काय चालणं? वाइंडिंग जळेल एक दिवस." "जळन तवा पाहू. अवं, सगळेच कोनी ना कोनी ढकलल्यावरच चालते. तू सकाळी चहाशिवाय उठतं काय?"

बोलण्यात मी तुम्हाला कधी हरवू शकले नाही. पण ताई, माझंच बरोबर होतं. आजही तेच म्हणते. गेल्या दिवाळीपासून तुम्ही दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबायच्या. कूलरकडे बघण्याचं निमित्त करायच्या, पण मला श्वास ऐकू यायचा, मी तर आवाज ऐकायलाच ठेवलेली होते. मी म्हटलं, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून येऊ. तुम्ही म्हणाल्या, "चालू हाये ना मी? सीझन उतरू दे." मी म्हटलं, "हे पंख्यासारखं झालं." तुम्ही म्हणाल्या, "मंग तू हायेस ना ढकलाले." मी रागानं आत निघून गेले. भांडी आपटली. तुम्हाला ती ऐकू गेली नसणार.

सीझन उतरला नाही. धड चढलाही नव्हता. गाडी सेवाग्रामकडे काढली ती जामच्या चौरस्त्यावरूनच परत फिरली, त्यातलं मला फारसं आठवतही नाही. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेवढं आठवतं. जड होतं. माझंच बरोबर होतं, आणि बरोबर असून त्याचं लोणचं घालायचं का?

त्या दिवसापासून मी अशीच आहे. जेवते, झोपते, धुणं धुते. आतून काहीतरी हलायला पाहिजे ते हलत नाही. कुणी रडायला आलं की मला वाटतं, हिचं बरं आहे.

कालची गोष्ट सांगते, तीच सांगायची होती.

शटर अजून अर्धंच उघडतो आपण. पंकज काउंटरवर होता, तुमच्या खुर्चीत नाही, बाजूच्या स्टुलावर. कुणी काही विचारलं की तो मोबाइलवर शोधतो. शोधतो मन लावून, पण मोबाइल त्याला आधी विचारतो कंपनी कोणती, मॉडेल कोणतं. गिऱ्हाइकाला ते कुठं माहीत असतं? दोघंजण तसेच वापस गेले. मी आत कणीक भिजवत होते. मला ऐकू येत होतं, पण उठले नाही.

मग एक बाबा आले. गिरडकडचे, धोतरवाले, हातात थैली. पंखा आणला नव्हता, नुसता प्रश्न आणला होता. पंकजनं विचारलं, "बाबा, कंपनी कोणती?" बाबा म्हणाले, "कंपनी नाई मालूम. आवाज येते." "कसला आवाज?" बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. "मोठ्या बाई कुठी गेल्या? त्याइले काढून दाखवतो."

म्हणजे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पंकजला सांगता येईना. त्यानं आत हाक मारली. "काकू, जरा बाहेर येतेस का?"

ताई, हात कणकेचे, आणि मला बाहेरून हाक. मी उठले. काही विचार केला नाही, फणकारलेसुद्धा असेन. बाहेर येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हां बाबा, काढून दाखवा."

बाबांनी थैली खाली ठेवली. मान वर केली आणि बारीक आवाजात काढलं, "हूंऽऽऽ." म्हणाले, "बस. असा हुंकारते. फिरत नाई."

आणि मी वळले. रोजच्यासारखी वळले, तुमच्या खुर्चीकडे वाकले, जिथं तुमचा कान असतो तिथं तोंड नेलं, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं काढला. "हूंऽऽऽऽ."

खुर्चीची पाठ दिसली. तिच्यावर तुमचा टॉवेल होता.

तो आवाज थांबेना, ताई. मी थांबवायला गेले तर वरच चढला. घशातून नाही, नाकातून नाही, कुठून येत होता कळेना. दोन्ही हातांनी खुर्ची धरली, कणीक लागली तिला. बाजूच्या दुकानातला माणूस बाहेर आला. पंकज उठून उभा राहिला, पण जवळ यायचं धाडस त्याला झालं नाही. आणि तो आवाज मध्येच तुटला नाही. उतरत गेला. हळूहळू उतरत, उतरत गेला आणि मग संपला.

बाबा सगळा वेळ मान तिरपी करून ऐकत होते. मी तोंड वर केलं तर त्यांनी समाधानानं मान हलवली.

"हां बाई," म्हणाले. "असाच. बरोबर असाच येते."

मी पदरानं तोंड पुसलं. कणीक लागली तोंडाला. "बाबा," मी म्हटलं, "कंडेन्सर गेला. बदलून टाका. दांड्यानं ढकलत बसू नका, जळून जाईन. लावताना आधी मेन स्विच बंद करजा." पंकजनं खण उघडला. "काकू, यातला कोणता?" "अडीचचा," मी म्हटलं. "आणि एक आपल्यालाही काढून ठेव. मधल्या खोलीला." बाबांना म्हटलं, "लावून पाहा. नाई चालला तं सोमवारी घेऊन या. मंगळवारी या, कधीही या. मी हाये."

पंकजनं ते ऐकलं. मोबाइलवाल्याचं पुन्हा काही विचारलं नाही त्यानं. तुमचा टॉवेल घेऊन खुर्चीची कणीक पुसत बसला, आणि पुसता पुसता तोही रडला. आज तो जातो आहे. पंखा सकाळीच बसवून दिला त्यानं. बटन दाबलं की लागतो फिरायला, टोला द्यावा लागत नाही. खराटा तिथंच उभा आहे.

तर काल बाबांनी कंडेन्सर थैलीत टाकला. शटरखालून वाकून निघाले, पायरीवर थांबले आणि मागं वळून म्हणाले, "मोठ्या बाईले सांगजा, मी आलतो म्हनून. आन सांगजा, लहान्या बाईनं आवाज एकदम बरोबर काढला."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं, ताई.